८०८५ किटवर टीएमएस ९९१८ए: स्क्रीनवर परत परत येणाऱ्या कचऱ्याचं काय करायचं

अडचण अशी आहे. जुन्या ८०८५ ट्रेनर किटला (इंटेलचा ८०८५ प्रोसेसर शिकायचा बोर्ड) टीएमएस ९९१८ए ही व्हिडिओ चिप जोडली, टीव्हीवर ४० कॉलमची अक्षरं स्वच्छ उमटली, म्हणून ग्राफिक्स मोड चालू केला आणि तिथून कचरा सुरू झाला. स्क्रीन साफ करायला सांगितलं की बहुतेक जागा साफ होते, पण मधेच काही चौकटींत जुनी अक्षरं तशीच राहतात. पुन्हा चालवलं की कचरा दुसऱ्याच जागी. कधी कधी अजिबात येत नाही, आणि मग वाटतं की वायर हलली होती, बसली.

नागपुरात हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. कॉलेजच्या लॅबमधून निघालेली ८०८५ किट्स भंगारात जातात किंवा कुणाच्या तरी घरच्या माळ्यावर पडून असतात. त्यांना सहा आकड्यांचा डिस्प्ले असतो: चार आकडे पत्त्याचे, दोन डेटाचे. त्यावर चित्र काढायची हौस असेल तर ९९१८ए हीच सर्वांत शहाणी निवड आहे असं माझं मत. तिला स्वतःची १६ के व्हिडिओ रॅम असते, त्यामुळे किटच्या तुटपुंज्या रॅमला हात लागत नाही, आणि प्रोसेसरकडून फक्त दोन पोर्ट (डेटाची ये-जा करायची दारं) लागतात. टीआय-९९/४ए, कोलेकोव्हिजन आणि १९८३ साली आलेले एमएसएक्स संगणक याच चिपवर किंवा तिच्या भावंड चिपांवर चालले. २५६ बाय १९२ ठिपके, १५ रंग, ३२ स्प्राइट (पडद्यावर स्वतंत्र हलवता येणारी छोटी चित्रं). साध्या किटला एवढं पुष्कळ झालं.

परवा एका पॉलिटेक्निकच्या मुलाचा फोन आला.

"काका, चिप बदलवली, रॅम बदलवली, तरी तसंच येऊन राहिलं."

"टेक्स्ट मोडमध्ये येतं का रे?"

"नाही ना. टेक्स्ट एकदम झकास."

"मग चिप बदलू नको आता. स्क्रीन साफ करायचा तुझा लूप वाचून दाखव."

त्यानं वाचून दाखवला. मला हवा होता तोच निघाला:

साफ: आउट ९८
डीसीआर बी
जेएनझेड साफ

(पोर्ट ९८ हेक्स डेटाचा, ९९ हेक्स कंट्रोलचा; हेक्स म्हणजे सोळाच्या पायाचे आकडे. एमएसएक्समध्येही हेच आकडे आहेत, म्हणून बरेच जण तेच घेतात. तुमच्या किटच्या मॅन्युअलमध्ये हे पोर्ट मोकळे आहेत ना, तेवढं बघून घ्या.)

आता कागद-पेन घ्या. बाइट पोर्टवर पाठवणाऱ्या आउटला १० टी-स्टेट (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके), बी मधली मोजणी एकानं कमी करणाऱ्या डीसीआरला ४, मोजणी शून्य होईपर्यंत परत उडी मारणाऱ्या जेएनझेडला १०. एकूण २४. किटवर ६.१४४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असेल तर ८०८५ तो आतमध्ये अर्धा करतो, म्हणजे ३.०७२ मेगाहर्ट्झ. २४ टी-स्टेटना ७.८१ मायक्रोसेकंद लागतात. दर ७.८१ मायक्रोसेकंदांनी एक बाइट चिपकडे जातो.

चिपला किती वेळ हवा? चित्र काढत असताना ९९१८ए स्वतःच रॅम वाचण्यात गुंतलेली असते. तिचा एक मेमरी सायकल सुमारे ३७२ नॅनोसेकंदांचा. ग्राफिक्स मोडमध्ये अशा १६ सायकलींमधून एकच सायकल प्रोसेसरच्या वाट्याला येते, म्हणजे जवळजवळ ६ मायक्रोसेकंदांनी एकदा. त्यात चिपचे स्वतःचे २ मायक्रोसेकंद मिळवा. डेटाशीटचा आकडा ८ होतो तो असा. तुम्ही ७.८१ देताय. कमी पडतात ते ०.१९ मायक्रोसेकंद.

एवढ्याशा फरकामुळेच हा दोष हाती लागत नाही. दरवेळी ८ लागतातच असं नाही. ८ हा सर्वांत वाईट आकडा आहे. बाइट नेमका चुकीच्या क्षणी पोचला तरच आधीचा बाइट रॅममध्ये उतरायच्या आत पुढचा त्याच्यावर येऊन बसतो आणि एक गळतो. शिवाय चित्राची एक फेरी संपून दुसरी सुरू व्हायच्या मधल्या वेळात, म्हणजे उभ्या ब्लँकिंगमध्ये, चिपला फक्त २ मायक्रोसेकंद पुरतात. ही मोकळीक सुमारे ४३०० मायक्रोसेकंद टिकते. तुमचा ७६८ चौकटींचा साफ करण्याचा लूप साधारण ६००० मायक्रोसेकंद चालतो. तो कुठल्या क्षणी सुरू झाला यावर किती भाग सुरक्षित वेळेत पडतो ते ठरतं. म्हणून कचरा कधी वर, कधी खाली, कधी गायब.

टेक्स्ट मोडमध्ये का येत नाही, तेही यातूनच कळतं. तिथे चिपला वाचायचं कमी असतं, त्यामुळे जास्तीत जास्त ३.१ मायक्रोसेकंद पुरतात. तुमचे ७.८१ दुपटीहून जास्त झाले. लोक आधी टेक्स्ट मोड तपासतात, तो पास होतो, ग्राफिक्स नापास होतो, आणि दोष चिपवर जातो. बर्डीच्या बाजारातून दुसरी चिप आणा, तिसरी ऑनलाइन मागवा, काही फरक पडत नाही.

आणखी एक गोष्ट गोंधळात टाकते. अक्षरांचे आकार किटच्या मेमरीतून व्हिडिओ रॅममध्ये भरण्याचा लूप मात्र बिनचूक चालतो. त्यात मेमरीतून बाइट उचलणाऱ्या एमओव्ही ए,एम ला ७, आउटला १०, पत्ता एकानं पुढे नेणाऱ्या आयएनएक्स एच ला ६, डीसीआरला ४ आणि जेएनझेडला १०, म्हणजे ३७ टी-स्टेट, १२ मायक्रोसेकंद. तो लूप जास्त काम करतो म्हणून सावकाश चालतो, आणि सावकाश चालतो म्हणून बरोबर चालतो. तोच लूप कुणी घाईत उलगडून एमओव्ही, आउट, आयएनएक्स असा ओळीनं लिहिला की २३ टी-स्टेट होतात आणि तिथेही बाइट गळायला लागतात. मित्राच्या किटवर ६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असेल तर त्याचा साफ करण्याचा लूप बरोबर ८ मायक्रोसेकंदांचा होतो आणि त्याला काहीच अडचण येत नाही. "त्याच्याकडे चालतं, माझ्याकडे नाही" याचं उत्तर बहुतेक वेळा क्रिस्टलच्या टोपीवर छापलेलं असतं.

उपाय तीन आहेत.

पहिला: आउटनंतर एक एनओपी (काहीच न करणारा आदेश) टाका. चार टी-स्टेट वाढून २८ होतात, म्हणजे ९.११ मायक्रोसेकंद. पूर्ण स्क्रीन साफ करायला सात मिलिसेकंद लागतात, डोळ्याला कळतही नाही. बहुतेकांनी इथेच थांबावं.

दुसरा: खूप डेटा भरायचा असेल, म्हणजे नवा स्क्रीन किंवा अख्खा फॉन्ट, तर आधी चित्रच बंद करा. चिपच्या आतल्या रजिस्टर १ मध्ये (नियंत्रणाच्या खणांपैकी एक) सी० हेक्सच्या जागी ८० हेक्स लिहिलं की पडद्यावर फक्त पार्श्वभूमीचा रंग राहतो आणि चिप २ मायक्रोसेकंदांत बाइट घेते. काम झालं की परत सी०. खेळाच्या मधे हे करू नका, झपकन पडदा गेल्यासारखं दिसतं.

तिसरा, ब्लँकिंगची वाट बघून तेवढ्यातच लिहायचं. हा सर्वांत नीटनेटका, पण बाइट मोजून ठेवावे लागतात. ४३०० मायक्रोसेकंदांत ७.८१ च्या वेगानं ५५० बाइट बसतात, ७६८ नाही. स्प्राइट हलवायला हा उत्तम, पडदा साफ करायला नाही.

झेड८० प्रोसेसर वाल्यांसाठी एक ओळ: ४ मेगाहर्ट्झवर ओटीआयआर (ओळीनं बाइट पोर्टवर पाठवणारा आदेश) दर बाइटला ५.२५ मायक्रोसेकंद घेतो, म्हणजे ग्राफिक्स मोडमध्ये चित्र चालू असताना तो वापरूच नका. आणि इम्युलेटरवर (खऱ्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) चाललं म्हणून खऱ्या चिपवर चालेल असं धरू नका. बरेच इम्युलेटर हा उशीर मोजतच नाहीत.

कचरा कुठल्या तक्त्यात पडला ते ओळखा

वरचा दोष सर्वांत जास्त भेटतो, पण एकमेव नाही. सोल्डरिंग गन हातात घ्यायच्या आधी पडद्याकडे नीट बघा. ग्राफिक्स १ मोडमध्ये तीन तक्ते असतात (कुठल्या चौकटीत कुठलं अक्षर ते सांगणारा नावांचा, अक्षरांच्या आकारांचा म्हणजे पॅटर्नचा, आणि रंगाचा) आणि प्रत्येकाचा बिघाड वेगळा दिसतो.

एखाददुसरी चौकट चुकली, बाकी सगळं ठीक, तर बाइट नावांच्या तक्त्यात चुकला. हा बहुधा वेगाचा दोष. एखादं अक्षर जिथे जिथे आहे तिथे तिथे सारखंच फाटलेलं दिसलं, तर पॅटर्नच्या तक्त्यात कुणीतरी घुसलं आहे. आणि अक्षरं शाबूत पण आठ-आठ अक्षरांच्या एका गटाचा रंगच बदलला, तर रंगाचा तक्ता बिघडला. कारण या मोडमध्ये रंगाचा एक बाइट लागोपाठच्या आठ अक्षरांना मिळून असतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारचा कचरा सुरुवातीला न येता पाच-दहा मिनिटं सगळं छान चालल्यावर अचानक आला, तर इंटरप्ट (प्रोसेसरला चालू काम सोडून दुसरीकडे वळवणारा इशारा) तपासा. व्हिडिओ रॅमचा पत्ता दोन बाइटमध्ये द्यावा लागतो: आधी खालचा, मग वरचा. आपण पहिल्यावर आहोत की दुसऱ्यावर हे चिप आतल्या एका फ्लिप-फ्लॉपमध्ये (एका बिटच्या आठवणीत) लक्षात ठेवते, आणि स्टेटस पोर्ट (तोच ९९ हेक्स, पण वाचताना) वाचला की तो फ्लिप-फ्लॉप परत शून्यावर येतो. आता बघा: तुमच्या प्रोग्रॅमनं पहिला बाइट दिला, नेमका तेव्हाच इंटरप्ट आला, इंटरप्टच्या रूटीननं स्टेटस वाचला, आणि तुम्ही दिलेला दुसरा बाइट चिपनं पहिला म्हणून घेतला. पुढचा डेटा भलत्याच पत्त्यावर जाऊन पडतो.

उपाय म्हणजे त्या दोन आउटच्या आधी डीआय (इंटरप्ट बंद) आणि नंतर ईआय (इंटरप्ट चालू). मात्र तीच रूटीन इंटरप्टच्या आतूनही बोलावत असाल तर तिच्यातला ईआय इंटरप्ट वेळेआधी उघडून देतो. आतून वापरायला ईआय नसलेली वेगळी रूटीन ठेवा, किंवा आरआयएम आदेशाने आधीची स्थिती वाचून मगच ठरवा. स्टेटस वाचायचंच टाळू नका. वाचल्याशिवाय चिपची इंटरप्ट लाइन वर जात नाही. ती लाइन खाली असताना सक्रिय असते, म्हणून ७४०४ या इन्व्हर्टर चिपमधून उलटी करून ८०८५ ला द्यावी लागते. आरएसटी ६.५ या इंटरप्ट पिनला दिली असेल आणि स्टेटस वाचला नाही तर किट इंटरप्टमध्येच फिरत राहतं; ७.५ ला दिली असेल तर एकदाच इंटरप्ट येतो आणि मग शांत.

किटचं रिसेट बटण दाबल्यावरच कचरा येत असेल तर त्याचं मूळही हेच. ८०८५ ची रिसेट आउट लाइन उलटी करून चिपच्या रिसेटला जोडलेली नसेल तर प्रोसेसर नव्यानं सुरू होतो आणि फ्लिप-फ्लॉप मात्र अर्ध्यावर अडकलेला राहू शकतो. ती वायर ओढाच. शिवाय प्रोग्रॅमच्या सुरुवातीला स्टेटस पोर्ट एकदा वाचून टाका.

काहीच दिसत नसेल तर

इथे एकच गोष्ट आधी बघा: डेटा लाइन कुठल्या क्रमानं जोडल्या? टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या मोजणीत डी० म्हणजे सर्वांत मोठा बिट. इंटेलच्या मोजणीत डी० सर्वांत लहान. म्हणजे चिपचा सीडी० हा ८०८५ च्या डी७ ला जोडायचा, सीडी७ हा डी० ला. नावं जुळवून सरळ जोडणारे खूप भेटतात, आणि डेटाशीट वाचूनच जोडलेलं असतं त्यामुळे त्यांना तिथे शंकाही येत नाही.

तपासायला व्हिडिओ रॅम लागतच नाही. कंट्रोल पोर्टवर ०७ हेक्स, मग ८७ हेक्स लिहा. रजिस्टर ७ मध्ये रंग ७ गेला, पडदा फिकट निळसर, सायन व्हायला हवा. ०८ दिला तर लाल. रंग बदलत असेल तर पोर्ट, डीकोडिंग (पत्त्यावरून चिप निवडणारं सर्किट), क्रिस्टल आणि व्हिडिओ आउटपुट सगळं ठीक आहे आणि पुढचा शोध रॅमकडे वळवा. लाइन उलट्या असतील तर ८७ हेक्स चिपला ई१ हेक्स दिसतो, आणि तुमचा रंग रजिस्टर १ मध्ये जाऊन बसतो. पडदा ढिम्म. डीकोडरमध्ये आयओ/एम लाइन घेतली आहे ना, आणि वाचायच्या-लिहायच्या निवड-लाइन आरडी आणि डब्ल्यूआरशी जोडून घेतल्या आहेत ना, तेही याच वेळी बघून टाका.

रॅमवर शंका असेल तर

एक बिट अडकला की पडद्यावर दर आठ ठिपक्यांनी एक उभी रेघ येते. रेघ चौकटीत कितवी आहे त्यावरून बिट कळतो: सर्वांत डावी म्हणजे सर्वांत मोठा बिट. अक्षरांमध्येही तोच बिट बोलतो. ए च्या जागी सी, डी च्या जागी एफ, पण बी बरोबर दिसत असेल तर बिट १ कायम वर अडकलेला आहे. अक्षरांचे हेक्स कोड बघा: ४१ चे ४३ झाले, ४४ चे ४६, आणि ४२ मध्ये तो बिट आधीच वर होता. टेक्स्ट मोडमध्ये याची रेघ दिसणार नाही, कारण तिथे आठपैकी डावीकडचे सहाच ठिपके काढले जातात. अक्षरं मात्र चुकीचीच येतील.

रजिस्टर १ चा सर्वांत मोठा बिट १ आहे ना? तो १६ के रॅमची खूण आहे. शून्य राहिला तर चिप ४ के रॅम समजून पत्ते वेगळे मांडते आणि पडद्यावर नुसती खिचडी दिसते.

व्हिडिओ रॅम परत वाचून तपासणाऱ्यांसाठी: वाचायचा पत्ता दिल्यावर चिप तो बाइट आधी आणून ठेवते, त्यालाही तेवढाच वेळ लागतो. पत्ता देऊन लगेच आयएन (पोर्ट वाचायचा आदेश) केला तर मध्ये फक्त ३.२६ मायक्रोसेकंद जातात आणि पहिला बाइट चुकीचा येऊ शकतो. त्यावरून चांगली रॅम फेकून देऊ नका. रॅमची तपासणी चित्र बंद ठेवूनच करा.

४११६ ही जुनी डायनॅमिक रॅम वापरत असाल तर तिला +१२, +५ आणि −५ असे तीन व्होल्टेज लागतात, आणि −५ सर्वांत आधी यायला आणि सर्वांत शेवटी जायला हवा. −५ ची वायर ब्रेडबोर्डवर ढिली असेल तर आठही चिप जाऊ शकतात. हे व्होल्टेज सोल्डर करूनच द्या. आता नव्यानं बांधत असाल तर ६२२५६ ही स्टॅटिक रॅम आणि ७४एलएस५७४ चे लॅच (पत्ता धरून ठेवणाऱ्या चिप) वापरून तेच काम एका +५ वर होतं. मी तरी आता कुणाला ४११६ सुचवत नाही.

मे महिन्यातल्या तक्रारी

नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की वेगळ्या तक्रारी सुरू होतात. सकाळी ठीक, दुपारी पंधरा-वीस मिनिटांत चित्र बिघडतं. ९९१८ए सुमारे २०० मिलिअँपिअर घेते, म्हणजे जवळजवळ एक वॅट उष्णता त्या प्लास्टिकच्या अंगातून बाहेर पडायची असते. बाहेर ४५ अंश आणि खोलीत ३८ असताना चिपला बोट लावून ठेवता येत नाही. तिला हीटसिंक चिकटवा. कूलरची हवा उघड्या बोर्डावर घेऊ नका. त्या ओल्या हवेची धूळ पिनांमध्ये बसते.

संध्याकाळी वस्तीतले सगळे कूलर चालू झाले, लाइट मंद झाली आणि पडद्यावर आडवे पट्टे पळायला लागले, तर ट्रान्सफॉर्मरच्या सप्लायकडे बघा. ७८०५ या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरला आत किमान ७ व्होल्ट लागतात. मेन्स उतरला की रिपलच्या (डीसीवर उरलेल्या लहरींच्या) दऱ्या त्याच्याखाली जातात आणि पट्टे दिसतात. चित्र ६० हर्ट्झचं, मेन्स ५० चा, म्हणून ते जागेवर थांबत नाहीत. मोठा फिल्टर कपॅसिटर टाका, नाहीतर चिपसाठी वेगळा सप्लाय द्या. किटचा सप्लाय या जादा बोजासाठी बांधलेला नसतो. प्रत्येक चिपच्या सप्लाय पिनजवळ १०४ चा (०.१ मायक्रोफॅरड) सिरॅमिक कपॅसिटर असू द्या, आणि एफआरसी (चपटी, पट्टीसारखी) केबल जितकी आखूड तितकी चांगली.

चित्र स्वच्छ पण काळं-पांढरं येत असेल तर तो बिघाड बहुधा चिपचा नसतो. ९९१८ए एनटीएससी (अमेरिकी रंगपद्धतीचा) सिग्नल देते. तिचा क्रिस्टल १०.७३८६३५ मेगाहर्ट्झचा, म्हणजे ३.५७९५४५ च्या रंगवाहकाच्या (रंगाची माहिती वाहणाऱ्या लहरीच्या) बरोबर तिप्पट. बाजारात नेमका तो मिळत नाही म्हणून १०.७ चा लावला तर रंगवाहक ३.५६७ होतो, चित्र उभं राहतं पण टीव्हीला रंग पकडता येत नाही. क्रिस्टल बरोबर असूनही रंग नसतील तर टीव्ही फक्त पाल (आपल्याकडची रंगपद्धत) घेणारा जुना असेल. मेनूमध्ये रंगपद्धत ऑटो किंवा एनटीएससी करून बघा, नाहीतर दुसऱ्या टीव्हीवर लावा. ९९२९ए ही ५० हर्ट्झची भावंड चिप आणून हा प्रश्न सुटत नाही. ती थेट काँपोझिट (एकाच वायरवरचं पूर्ण चित्र) देत नाही, उजळपणा आणि रंगफरक वेगळे देते, आणि मग एन्कोडर बांधायचं काम वाढतं.